डॉक्टर खरे : एका वैद्याची राजकीय कारकीर्द



वैद्यकीचा व्यवसाय सोडून राज्यकारभारांत शिरलेलीं माणसें आपल्या देशांत थोडीं झालीं नाहींत. पश्चिम बंगालचे डॉ. बिधानचंद्र रॉय, गुजरातचे पहिले मुख्य मंत्री डॉ. जीवराज मेहता हीं नांवें कोणासहि सहज आठवतील. परंतु या दोघांच्याहि पूर्वी, १९३७ सालीं, एका डॉक्टरांच्या हातीं आपल्या जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडाचा कारभार आला होता. त्यांचें नांव डॉ. नारायण भास्कर खरे. त्यांची सत्ता एका वर्षाहून थोडीच अधिक टिकली. तरीहि त्या अल्पकाळांत जो प्रश्न उभा राहिला, तो आजहि सुटलेला नाहीं. मंत्री हा अखेर कोणास जबाबदार असतो? ज्या मतदारांनीं त्यास निवडलें त्यांस, ज्या विधानसभेनें त्यास पाठिंबा दिला तिला, कीं ज्या पक्षानें त्यास उभें केलें त्या पक्षास? डॉ. खरे यांच्या चरित्राचा आज विचार करावयाचा तो या प्रश्नासाठीं.

प्रथम त्या वेळच्या प्रांताची घडण ध्यानीं घेतली पाहिजे. अमरावती, अकोला, यवतमाळ आणि आमचा बुलढाणा हे वऱ्हाडचे चार जिल्हे. हा मुलूख निजामानें १८५३ च्या तहान्वयें इंग्रजांकडे सोंपविला आणि १९०३ सालीं तो मध्यप्रांताच्या कारभारास जोडला गेला. १९३६ च्या करारानें निजामाचें नाममात्र स्वामित्व कायम ठेवून कारभार मात्र एकच केला. चिखली, मेहकर, मलकापूर, खामगांव आणि जळगांव हे आमचे पांच तालुके या प्रांताच्या अगदीं पश्चिम टोंकास होते, आणि राजधानी दूर पूर्वेस नागपुरास. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा हे चार व वऱ्हाडचे चार मिळून आठ जिल्हे मराठी. उत्तरेचा व पूर्वेचा विस्तीर्ण महाकोशल हिंदी. काँग्रेसच्याहि या एका प्रांतांत महाकोशल, नागपूर आणि विदर्भ अशा तीन वेगवेगळ्या प्रांतिक समित्या होत्या. म्हणजे सरकार एक, भाषा दोन आणि पक्षाच्या गाद्या तीन! अशा घरांत भांडण न होतें तरच नवल.

डॉ. खरे यांचा जन्म १८८४ सालीं पनवेल येथें झाला. शिक्षण जबलपुरास व नंतर लाहोरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत झालें. पंजाब विद्यापीठाची एम. डी. ही पदवी त्यांनीं मिळविली. त्या काळीं ही पदवी धारण करणारे हिंदी वैद्य अगदीं मोजके होते. कांहीं काळ सरकारी वैद्यकीय नोकरी करून त्यांनीं ती सोडली आणि नागपुरांत स्वतंत्र व्यवसाय आरंभिला. ज्यास धंद्यांत नांव मिळालें आहे असा डॉक्टर त्या काळांत स्वस्थ बसून सुखानें राहूं शकत असे. परंतु डॉ. खरे काँग्रेसमध्यें शिरले, कायदेमंडळांत गेले, 'तरुण भारत' या नागपूरच्या मराठी साप्ताहिकाच्या कार्यांत भाग घेतला, आणि १९३५ नंतर दिल्लीच्या मध्यवर्ती विधानसभेंतहि बसले. बोलण्यांत ते तिखट, निर्णयांत तडकाफडकी, आणि माघार घेण्यास नाखूष असे होते. पुढें जें घडलें त्यांत या स्वभावाचा वाटा लहान नाहीं.

१९३५ च्या कायद्याप्रमाणें १९३७ च्या आरंभीं निवडणुका झाल्या. मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या विधानसभेंत ११२ जागा होत्या व त्यांत काँग्रेसला स्पष्ट बहुमत मिळालें. अधिकार स्वीकारावे कीं नाहीं या वादांत कांहीं महिने गेले. अखेर १४ जुलै १९३७ रोजीं डॉ. खरे यांच्या नेतृत्वाखालीं मंत्रिमंडळ अधिकारारूढ झालें. महाकोशलाकडून पं. रविशंकर शुक्ल, पं. द्वारकाप्रसाद मिश्र व श्री. दुर्गाशंकर मेहता, वऱ्हाडाकडून श्री. पु. ब. गोळे व अमरावतीचे बॅरिस्टर रामराव देशमुख. आणि न्यायखात्याकडे श्री. युसुफ शरीफ. कागदावर हा तोल उत्तम दिसत होता. परंतु मुख्य प्रधान मराठी भागाचा आणि पक्षांतील संख्याबळ महाकोशलाचें, ही विषमता पहिल्या दिवसापासूनच होती.

१९३८ च्या प्रारंभीं पहिला मोठा आघात झाला. एका अल्पवयीन मुलीवरील अत्याचाराच्या गुन्ह्यांत शिक्षा भोगीत असलेल्या कैद्यांस शरीफ यांनीं मुदतीपूर्वीच मुक्त केलें. प्रांतभर संतापाची लाट उसळली. कलकत्त्याचे निवृत्त न्यायाधीश सर मन्मथनाथ मुकर्जी यांच्याकडे प्रकरण सोंपविण्यांत आलें, आणि त्यांच्या अभिप्रायानंतर शरीफ यांस अधिकार सोडावा लागला. येथें एक गोष्ट नमूद केली पाहिजे. मंत्र्याच्या कृत्याची चौकशी त्याच्याच पक्षानें केली आणि त्यास घरीं पाठविलें. परक्या सत्तेच्या छायेखालीं चाललेल्या त्या अर्धवट स्वराज्यांत हा पायंडा कमी मोलाचा नव्हता. परंतु या प्रकरणानें मंत्रिमंडळांतील परस्परविश्वास पार ढांसळला. मे महिन्यांत पचमढी येथें सरदार पटेल प्रभृति श्रेष्ठींच्या समक्ष समेट झाला. तो दोन महिनेहि टिकला नाहीं.

आतां त्या जुलै महिन्याकडे वळूं. २० जुलै १९३८ रोजीं डॉ. खरे, गोळे आणि देशमुख यांनीं गव्हर्नराकडे राजीनामे दिले. मुख्य प्रधानानें राजीनामा दिला म्हणजे सारें मंत्रिमंडळ जावें, असा संसदीय संकेत आहे; त्यास अनुसरून डॉ. खरे यांनीं शुक्ल, मिश्र व मेहता यांसहि राजीनामे मागितले. पक्षश्रेष्ठींची आज्ञा आल्यावांचून आम्ही राजीनामा देणार नाहीं, असें त्या तिघांनीं कळविलें. १९३५ च्या कायद्याच्या ५१ व्या कलमाप्रमाणें मंत्र्यांचें पद गव्हर्नराच्या मर्जीवर अवलंबून असे. त्या अधिकाराचा उपयोग करून गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनीं रातोरात त्या तिघांस बडतर्फ केलें आणि दुसऱ्या दिवशीं डॉ. खरे यांच्याच नेतृत्वाखालीं नवें मंत्रिमंडळ बनविलें. त्यांत हरिजन समाजांतील श्री. अग्निभोज यांचाहि समावेश होता.

कायद्याच्या दृष्टीनें यांत वावगें कांहींच नव्हतें. परंतु राजकारणाच्या दृष्टीनें काय घडलें तें पहा. काँग्रेसच्या तीन मंत्र्यांस परक्या सरकारच्या गव्हर्नरानें काढून टाकलें आणि तें काँग्रेसच्याच मुख्य प्रधानाच्या हालचालीनें. ज्या पक्षानें गव्हर्नराच्या विशेषाधिकारांचा वापर होऊं नये यासाठीं महिनोगणती हट्ट धरला होता, त्याच पक्षाच्या नेत्यानें त्या अधिकारास घरांत वाट करून दिली, असें श्रेष्ठींस वाटलें तर त्यांत अस्वाभाविक कांहीं नाहीं. त्या वेळीं काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू होते. प्रांतिक मंत्रिमंडळांवर देखरेख सरदार पटेल, मौलाना आझाद आणि राजेंद्रबाबू यांच्या संसदीय उपसमितीची होती. वर्ध्यास कार्यकारिणी भरली. २३ जुलै रोजीं डॉ. खरे यांनीं पुन्हां राजीनामा दिला. सेगांवांत महात्माजींसमोर एका निवेदनाचा मसुदा झाला. चूक कबूल करणाऱ्या त्या मसुद्यावर सही करण्यास डॉ. खरे यांनीं नकार दिला. कार्यकारिणीनें ठराव करून त्यांस जबाबदारीच्या पदास अपात्र ठरविलें. गव्हर्नराच्या घाईचाहि त्याच ठरावांत निषेध केला. पक्षाच्या आमदारांनीं शुक्ल यांस नेता निवडलें व २९ जुलै रोजीं शुक्ल मंत्रिमंडळ अधिकारावर आलें.

या निर्णयावर मराठी भागांत जी कटुता माजली ती दीर्घकाळ निवाली नाहीं. मराठी मुख्य प्रधान हिंदी बहुमतानें घालविला, अशी भावना घरोघर होती. त्याच वर्षीं १ ऑक्टोबर रोजीं विधानसभेंत वेगळ्या विदर्भ प्रांताचा ठराव संमत झाला, यावरून त्या भावनेची तीव्रता कळते. आमच्या वऱ्हाडांत कित्येक वर्षें या प्रकरणाची हकीकत केवळ अन्यायाची कथा म्हणूनच सांगितली गेली. परंतु इतिहास शिकविण्यांत आयुष्य घालविलेल्या मजसारख्या माणसास एवढ्यावर समाधान मानतां येत नाहीं. डॉ. खरे यांचें म्हणणें असें कीं, मुख्य प्रधानास आपले सहकारी निवडण्याचा व बदलण्याचा हक्क नसेल तर तो मुख्य प्रधानच नव्हे. श्रेष्ठींचें म्हणणें असें कीं, आपण अद्याप परक्याशीं झगडत आहों; अशा वेळीं प्रत्येक सरदार आपापला हक्क बजावूं लागला तर सैन्य उरत नाहीं. पहिलें म्हणणें स्वतंत्र देशाचें आहे, दुसरें स्वातंत्र्यासाठीं लढणाऱ्या देशाचें. दोन्हीं खरीं, आणि एका वेळीं दोन्हीं पाळणें अशक्य. डॉ. खरे यांचा पराभव झाला तो या दोन सत्यांच्या सांध्यावर.

मंत्रिपद गेलें, पक्ष सुटला. परंतु कारकीर्द संपली नाहीं. यानंतरचा भाग आपल्या लोकांस फारसा परिचित नाहीं, आणि तोच मला अधिक उद्बोधक वाटतो. १९४३ सालीं डॉ. खरे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद झाले. त्यांच्याकडे आलेलें खातें समुद्रपार राहणाऱ्या भारतीयांचें होतें. पुढें त्यासच कॉमनवेल्थ संबंधांचें खातें म्हणूं लागले. योगायोग असा कीं, याच खात्यावर त्यांच्या पूर्वी वणीचे लोकनायक बापूजी अणे होते. महात्माजींच्या उपोषणाच्या प्रसंगीं फेब्रुवारी १९४३ मध्यें अणे यांनीं राजीनामा दिला आणि कांहीं काळानें एका वैदर्भीयाच्या जागीं दुसरा वैदर्भीय आला. त्यांत भर म्हणजे १९४५ सालीं दक्षिण आफ्रिकेंत भारताचे हायकमिशनर म्हणून गेले ते अमरावतीचे रामराव देशमुख, डॉ. खरे यांच्या जुन्या मंत्रिमंडळांतील सहकारी. आफ्रिकेंतील भारतीयांच्या भवितव्याचा कारभार कांहीं काळ असा विदर्भाच्या माणसांच्या हातून चालला होता.

तो प्रश्न काय होता? १८६० च्या नोव्हेंबरांत 'ट्रूरो' नांवाचें जहाज दर्बान बंदरास लागलें. त्यांतून उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठीं करारानें बांधलेले भारतीय मजूर उतरले. १९११ पर्यंत दीड लाखांवर माणसें अशीं नाताळांत नेण्यांत आलीं. त्यांच्या पाठोपाठ व्यापारी गेले. मजुरीचा करार संपल्यावर हीच माणसें जमीन घेऊं लागलीं, दुकानें थाटूं लागलीं, तेव्हां गोऱ्यांस तीं डोळ्यांत सलूं लागलीं. महात्माजींचा सत्याग्रह याच भूमींत जन्मला. १९२७ च्या केपटाऊन करारानें थोडी उसंत मिळाली. पण १९४३ च्या एप्रिलांत स्मट्स सरकारनें कायदा करून दर्बानमध्यें भारतीय व गोरे यांमधील जमिनीच्या व्यवहारांस खीळ घातली. हा कायदा तीन वर्षांपुरता होता. त्याची जागा १९४६ च्या जूनमध्यें एका कायमच्या कायद्यानें घेतली. त्यानें भारतीयांस वेगळ्या वस्त्यांत कोंडण्याची व्यवस्था केली आणि प्रतिनिधित्वाच्या नांवाखालीं गोऱ्यांनाच आपले प्रतिनिधि म्हणून निवडण्याची मुभा दिली.

यावर परतंत्र हिंदुस्थानचें सरकार काय करूं शकत होतें? १९४३ च्या परस्परतेच्या कायद्यान्वयें, जो देश भारतीयांस जसें वागवील तसें त्या देशाच्या नागरिकांस येथें वागविण्याचा अधिकार सरकारास मिळाला होता. १९४४ च्या नोव्हेंबरांत तो दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्यांविरुद्ध प्रथम वापरण्यांत आला. त्याचा प्रत्यक्ष परिणाम अल्प होता, कारण येथें राहणारे असे गोरे थोडेच; परंतु गोऱ्या राज्यास भारतानें जशास तसें उत्तर द्यावें, हीच गोष्ट अभूतपूर्व होती. १९४६ च्या मार्चमध्यें व्यापारी करार संपविण्याची नोटीस देण्यांत आली. दक्षिण आफ्रिकेच्या मक्याच्या पिकास भारतीय तागाचीं पोतीं लागत, हें ध्यानीं घेतलें म्हणजे या शस्त्राची धार कळते. हायकमिशनर देशमुख यांस परत बोलावण्यांत आलें. आणि २२ जून १९४६ रोजीं भारतानें संयुक्त राष्ट्रसंघाकडे तक्रार नोंदविली. त्या तारखेस खात्याचे प्रमुख डॉ. खरेच होते, जुलैच्या आरंभीं तें कार्यकारी मंडळ पायउतार झालें. पुढें पंडित नेहरूंच्या सरकारनें हीच तक्रार नेटानें चालविली, आणि श्रीमती विजयालक्ष्मी पंडित यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळानें ८ डिसेंबर १९४६ रोजीं ३२ विरुद्ध १५ मतांनीं ठराव संमत करून घेतला. वंशभेद ही एखाद्या देशाची घरगुती बाब नव्हे, जगाचा प्रश्न आहे, हें तत्त्व संयुक्त राष्ट्रसंघांत प्रथम या वादांत पुढें आलें.

याचें सारें श्रेय डॉ. खरे यांस देणें इतिहासास धरून होणार नाहीं. व्हाइसरॉयच्या मंडळांतील एका सभासदाची शक्ति ती किती! विधानसभेंतील लोकमत, आफ्रिकेंतील भारतीयांचा स्वतःचा लढा आणि बदललेलें जग यांच्या जोरावरच हीं पावलें पडलीं. १३ जून १९४६ रोजीं दर्बान येथें सुरू झालेल्या सत्याग्रहांत सुमारे दोन हजार स्त्रीपुरुष तुरुंगांत गेले. त्या लढ्याचे पुढारीहि डॉक्टरच होते: डॉ. माँटी नायकर व डॉ. युसुफ दादू, दोघेहि एडिंबरोस शिकलेले. या दोघांनीं ९ मार्च १९४७ रोजीं आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष डॉ. झुमा यांच्याशीं सहकार्याचा करार केला. तो तेथें 'डॉक्टरांचा करार' म्हणूनच ओळखला जातो. काळ्या आफ्रिकनांच्या व भारतीयांच्या संयुक्त लढ्याचा पाया त्यांत आहे. परंतु जें करणें शक्य होतें तें डॉ. खरे यांनीं टाळलें नाहीं, एवढें म्हणणें न्याय्य होय. ज्या माणसास स्वदेशांत परक्या गव्हर्नराचा आश्रय घेतल्याचा दोष लागला, त्याच्याच अमदानींत परक्या व्हाइसरॉयच्या मंडळानें जगाच्या न्यायासनापुढें भारताची फिर्याद नेली, ही इतिहासाची गंमत लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

यानंतरचें प्रकरण खेददायक आहे. एप्रिल १९४७ मध्यें डॉ. खरे अलवर संस्थानचे मुख्य प्रधान झाले. त्या वर्षीं अलवर व भरतपूर या संस्थानांत मेव मुसलमानांची भयंकर कत्तल झाली आणि हजारों कुटुंबें देशोधडीस लागलीं. ज्या राज्यांत हें घडलें त्याच्या मुख्य प्रधानास त्याच्या जबाबदारीतून मुक्त करतां येत नाहीं. आफ्रिकेंतील अल्पसंख्य भारतीयांसाठीं न्याय मागणाऱ्या माणसानें आपल्या छत्राखालील अल्पसंख्यांस अभय द्यावयास हवें होतें. महात्माजींच्या हत्येनंतर फेब्रुवारी १९४८ मध्यें केंद्र सरकारनें अलवरचा कारभार आपल्या हातीं घेतला, आणि महाराज व डॉ. खरे या दोघांस दिल्लींत राहण्याची आज्ञा झाली. चौकशींत त्या कटाशीं त्यांचा संबंध सिद्ध झाला नाहीं. त्या बाबतींत त्यांस दोष देणें अन्यायाचें होईल. १९४९ सालीं ते हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले. १९५० सालीं दिल्ली सोडून नागपुरास राहण्याचा हुकूम त्यांच्यावर बजावण्यांत आला. त्याविरुद्ध ते नव्या सर्वोच्च न्यायालयांत गेले. पांच न्यायाधीशांपैकीं तिघांनीं हुकूम कायम ठेवला, दोघांनीं विरुद्ध मत दिलें. नागरिकाच्या संचारस्वातंत्र्यावरील आरंभींच्या खटल्यांत हा खटला गणला जातो. पुढें ग्वाल्हेरकडून ते पहिल्या लोकसभेंतहि निवडून गेले. १९७० सालीं त्यांचें निधन झालें.

आतां शेवटीं एक तुलना करतों. आफ्रिकेंतील मलावी देशाचे डॉ. हेस्टिंग्ज बांडा हे असेच वैद्य. इंग्लंडांत अनेक वर्षें व्यवसाय करून १९५८ सालीं ते मायदेशीं परतले, १९६१ सालीं मंत्री झाले, १९६३ सालीं पंतप्रधान. १९६४ च्या जुलैमध्यें देश स्वतंत्र झाला आणि सप्टेंबरांत मंत्र्यांशीं त्यांचें बिनसलें. डॉ. बांडा यांनीं तीन मंत्र्यांस बडतर्फ केलें. इतर कांहींनीं सहानुभूतीनें राजीनामे दिले. आंकडा तोच, तीन! कृतीहि तीच. परंतु नागपुरांत डॉक्टरांच्या डोक्यावर पक्ष होता. मलावींत डॉक्टर हेच पक्ष होते. म्हणून नागपूरचे डॉक्टर आठवड्याभरांत घरीं गेले आणि मलावीचे डॉक्टर तीस वर्षें सत्तेवर राहिले, १९७१ सालीं तहहयात अध्यक्ष झाले. बडतर्फ झालेल्या मंत्र्यांपैकीं ऑर्टन चिरवा हे १९९२ सालीं तुरुंगांतच मरण पावले. आपल्याकडे बडतर्फ झालेले पं. शुक्ल नऊ दिवसांत मुख्य प्रधान झाले, आणि पदच्युत झालेले डॉ. खरे पुस्तकें लिहून आपली बाजू मांडूं शकले, सभा घेऊं शकले, न्यायालयाचीं दारें ठोठावूं शकले.

हा भेद लहान नाहीं. १९३८ सालीं डॉ. खरे यांस पक्षानें न्याय दिला कीं अन्याय केला, याचा वाद चालूच राहील. मतदारांनीं ज्यांस निवडलें नाहीं अशा समितीनें मुख्य प्रधान काढावा, हें माझ्याहि मनास पूर्णपणें पटत नाहीं. परंतु ज्यास कोणीच काढूं शकत नाहीं असा मुख्य प्रधान त्याहून अधिक धोक्याचा, ही गोष्ट मलावीनें दाखवून दिली. रोग्यासमोर वैद्याचा शब्द अखेरचा असूं शकेल. प्रजा मात्र रोगी नव्हे आणि मंत्री वैद्य नव्हे. त्याच्या शब्दावर दुसरा शब्द उच्चारणारें कोणीतरी राज्यांत असलेंच पाहिजे. तो शब्द पक्षाच्या बंद खोलींतून न येतां उघड्या विधानसभेंतून यावा, एवढी काळजी मात्र आपण मतदारांनीं वाहावयाची आहे.